सीटवरची ओढणी

बी.ए.ला तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र असे तीन विषय मी एकत्र घेतले, त्यामागे काही थोर विचार नव्हता. हे तिन्ही तास लागोपाठ असायचे आणि ते संपवून दुपारची इंदापूर गाडी मिळायची, एवढंच. पण त्या तीन तासांनी माझ्या डोक्याचा पार भुगा केला. तत्त्वज्ञानाचे सर पहिल्या तासाला जे पटवायचे, ते राज्यशास्त्राच्या मॅडम दुसऱ्या तासाला हसत हसत मोडून काढायच्या. मग अर्थशास्त्राचे सर येऊन विचारायचे, "ते सगळं ठीक आहे, पण याचा भार कुणावर पडणार?" मला तिघांचंही पटायचं. वर्गात कुणी माझं मत विचारलं, की मी आधी घड्याळाकडे बघायची, कुठला तास चालू आहे म्हणून.

तत्त्वज्ञानाच्या सरांनी एक निबंध दिला. एखादी गोष्ट 'माझी' होते ती कशामुळे? बाकीच्यांनी जमिनीची, घराची उदाहरणं घेतली. मी बारामतीच्या स्टँडवरची एसटी घेतली. गाडी फलाटाला लागते न लागते तोच खिडकीतून रुमाल, टोपी, दप्तर, हाताला लागेल ते सीटवर टाकायचं, की जागा धरली. मी ठणकावून लिहिलं, की रुमालानं कसलाही हक्क तयार होत नाही, जागा बसणाऱ्याची. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, सगळे मानतात ना, मग झाला हक्क. अर्थशास्त्राचे सर म्हणाले, गाडीमागे पळण्याचे कष्ट हीच त्या जागेची किंमत. या वेळी मात्र मी हटले नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझं स्वतःचं एक मत झालं होतं आणि मला त्याचा भारी अभिमान वाटत होता.

त्याच आठवड्यात बारामतीला आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढून, काळा चष्मा लावून तिला घरी सोडलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, डोळ्याला धक्का लागू द्यायचा नाही आणि वजन उचलायचं नाही. घरी उसाला तोड आलेली, त्यामुळे वडील अडकलेले. शेजाऱ्यांची जीप येणार होती, ती काही आली नाही. तेव्हा एसटीच.

गाडी वळताना दिसली आणि मी पळत सुटले. गळ्यातली ओढणी काढली, खिडकीतून आत टाकली. निबंध वगैरे काही आठवला नाही. मग मागे फिरून आईला घेऊन दाराशी आले, तिला सांगितलं, माझ्या मागून ये, आणि वाट काढत आत घुसले. बघते तर सीटवर एक बाई बसलेली. मांडीवर लहान पोर, आणि त्या पोराच्या मुठीत माझी ओढणी.

"ताई, ही जागा मी धरलीय," मी म्हणाले.

"वडणी टाकून जागा व्हती व्हय? जी बसंल तिची जागा."

माझंच वाक्य! मग मी मॅडमचा आधार घेतला. "अहो, सगळेच तशी धरतात. सगळे मानतात."

"म्या न्हाय मानत."

"मी गाडीमागं जीव खाऊन पळालेय."

"पळाय कुणी सांगितलं व्हतं?"

एव्हाना गाडीत दोन तट पडले होते. मागच्या सीटवरचे एक आबा म्हणाले, "पोरीनं आधी टाकलीया, म्या बघितलंय." दुसरं कुणी म्हणालं, "लेकुरवाळीला उठवता व्हय?" कंडक्टर दारातूनच ओरडला, "जागंचं तुमचं तुमी बघा!" माझा आवाज चढला होता. राग तर आलाच होता, पण खरं सांगते, कुठंतरी मजाही येत होती.

तेवढ्यात मागून आईचा आवाज आला. "बाय, माझा डोळा केलाय काल. टेकू देती का जरा?"

मी वळून पाहिलं. दोन माणसांच्या मध्ये ती अंग चोरून उभी होती. धक्का लागू नये म्हणून एक हात चष्म्यासमोर आडवा धरलेला.

बाई ताडकन उठली. "अगं, मग आधी सांगायचं न्हाय व्हय?" हे मला.

आई बसली आणि तिनं पोराला घ्यायला हात पुढे केले. "आई, वजन नको!" मी ओरडले. शेवटी पोर मीच कडेवर घेतलं. अंग चटका बसावा इतकं तापलेलं. बाई सांगवीहून, माहेरून निघाली होती आणि याच गाडीत बारामतीपर्यंतही उभ्यानंच आली होती. म्हणजे जागेवर हक्क तिचाही होता का? मग मी तिला उठवलं ते बरोबर की चूक? आणि उठवलं तरी कुठं, ती आपणहून उठली. मला काही उलगडेना. पोर माझ्या खांद्यावर झोपून गेलं, ओढणी तोंडात धरून. इंदापूरला उतरताना बाईनं ती सोडवून माझ्या हातात दिली.

निबंध दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. संध्याकाळी मी तो पुढ्यात घेऊन बसले, एकही ओळ खोडवेना आणि एकही ठेवावीशी वाटेना. मग औषधाची वेळ झाली म्हणून उठले. आई खाटेवर आडवी झाली होती. मी बाटलीचं झाकण काढलं तशी ती म्हणाली, "एक इचारू का? तू एवढी भांडत व्हतीस, ती माझ्या डोळ्यासाठी का जागंसाठी?"

मी थेंब सोडला.

"डोळा मीट," मी म्हणाले.