भंगारात गेलेली जहाजाची घंटा

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. ही एक मात्र वेगळी राहिली.

तेव्हा मी वणीकडच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. पितळी घंटा चोरीला गेल्याची फिर्याद घेऊन एक निवृत्त नौसैनिक आले. एकाहत्तरच्या युद्धात ते ज्या जहाजावर होते, त्या जहाजाची ही घंटा. मालवाहू जहाजांना सोबत करून बंदरात सुखरूप पोचवणं हे त्या जहाजाचं काम. युद्धानंतर त्यावर नवे खलाशी शिकले आणि शेवटी ते भंगारात निघालं. तोडणीच्या जागी जाऊन यांनी घंटा विकत आणली होती.

पंचनाम्याला गेलो तर कडी-कोयंडा शाबूत. घरातलंच कोणीतरी, हे कळलं होतं. पुढे खबऱ्याने एका भंगारवाल्याचं नाव दिलं. त्याच्या दुकानात पोत्यात घंटेचे तुकडे सापडले.

भंगारवाला घाबरून म्हणाला, "चोरीचा माल नाही साहेब. त्या घंटेवाल्या बाबाच्या पोरानंच आणून देल्ला. पैसेही घेतले नाही, निस्ता म्हने फोडून टाक."

मुलगा कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर. चौकशीला बोलावलं तर खाली मान घालून बसला. दरडावलं नाही, चहा मागवला.

"काहून फोडायले लावली?"

"बाबा रोज सकाळी घंटा वाजवते, अन् मंग दिवसभर कोनाशीच बोलत नाही. त्याइचा जहाजावरचा जोडीदार वादळात समुद्रात पडला होता. मालाची जहाजं सोडून माघारी फिरता येत नव्हतं म्हनते. साहेब, बाबा त्या जहाजावरून उतरलेच नाही. माय गेली त्या दिवशीही घंटाच वाजवत बसले."

मुलाला बाहेरच्या बाकावर बसवून वडिलांना बोलावलं आणि तुकडे दाखवले. त्यांनी दोन तुकडे जोडून पाहिले आणि खाली ठेवले. मी सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला.

"मालूम आहे मले. पोराचं नाव कागदावर नका घेऊ."

ते बाहेर गेले आणि बाकावर मुलाशेजारी टेकले. दारातून मला ऐकू आलं, "जोडीदार पडला त्या दिवशी सुकाणूवर मीच होतो बापू. फिरवायचा हुकूम नव्हता."

हे मुलाला कधीच ठाऊक नव्हतं. जरा सरकून त्याने बापाला नीट बसायला जागा करून दिली.

न्यायालयात समरी, म्हणजे तपास मिटवल्याचा अहवाल, पाठवून मी तो गुन्हा बंद केला. पुढे बीट अंमलदार सांगायचा, म्हातारे कधीकधी मुलाच्या ट्रकमध्ये बसून वणीपर्यंत येतात.

तपासात आम्ही विचारतो, कोणी केलं? उत्तर मिळालं की फाईल मिटते आणि पुढची उघडते. का केलं, हे मनापासून विचारायला या केसने शिकवलं. पण तोवर माझी नोकरी संपत आली होती.