शेठच्या नावाची बाटली

जुन्या दवाखान्यात किस्से साचतात. कुणी मुद्दाम जमवत नाही. पुढील किस्से मी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, एम.ए.च्या प्रबंधासाठी वृद्धांच्या आजारांची माहिती गोळा करताना, भिवंडीतील एका खाजगी दवाखान्याचे कंपाउंडर कांबळेकाका यांच्याकडून ऐकले. दुपारी दवाखाना बंद असे, तेव्हा ते सांगत आणि मी लिहून घेई.

* * *

जवळच्या वडपे गावच्या बाळूशेठनी हायवेलगतची शेती गोदामासाठी विकली आणि वर्षभरात त्यांना मधुमेह निघाला. बाकावर बसून ते सर्वांना ऐकवत, "आपल्याला शुगर हाय!"

शेजारचा लूम कामगार अदबीने म्हणाला, "सेठ, बीमारी भी बड़े लोगोंवाली हुई!"

शेठ खूश!

* * *

लघवीची बाटली मात्र दरमहा त्यांची पत्नी हिराबाई आणी. शेठ म्हणत, "चार माणसांत बाटली घेऊन मी फिरू?"

काका निळ्या औषधात थेंब टाकून तापवत. साखर असली की रंग विटेसारखा होई. तो दर वेळी तसाच होई.

* * *

एकदा डॉक्टर चिडले. "शेठ, गोड खाता!"

"देवाशपथ न्हाय! चहासुद्धा बिनसाखरेचा."

"गोळ्या घेता?"

"ही देते तवा घेतो की!"

"मग साखर येते कुठून?"

हिराबाई जमिनीकडे पाहत म्हणाल्या, "चोरून खात असतील."

दवाखाना हसला. शेठसुद्धा!

* * *

हिराबाईंच्या पायाची जखम चार महिने भरत नव्हती. काका म्हणाले, "मावशी, तुमचीपण लघवी तपासू?"

"माझी कशाला? घरात एक पेशंट पुरे हाय!"

* * *

शेठ नाक्यावर टेम्पोच्या धडकेने गेले. तेराव्यानंतर हिराबाई नेहमीच्या दिवशी आल्या. हातात बाटली होती.

काकांनी ती घेतली. निळ्या औषधात थेंब टाकून तापवले. रंग विटेसारखा झाला.

केसपेपर शेठच्या नावाचा होता. त्यावर आता गोळ्या देता येत नव्हत्या. काका हळूच म्हणाले, "मावशी, नवा काढू? तुमच्या नावाचा?"

हिराबाईंनी बाटली धुऊन पदराखाली घेतली.

"पोरांना इचारून येते."

त्या पुन्हा आल्या नाहीत. वडप्याला जाऊन मी चौकशी केली, तेव्हा पायाची जखम चिघळून त्या गेल्याचे समजले. त्यांनी मुलांना विचारले होते की नाही, याची खात्री मला कधीच करता आली नाही.