नदीवाल्या आजोबांचं गाव

नदीवाले आजोबा बर्फ नुसता उपसत नसत, त्याचं गाव वसवत. कॅनडातल्या मिसिसागात आमच्या शेजारी राहणारे हे पोलिश म्हातारबुवा ड्राइव्हवे साफ करता करता कडेला आपलं जन्मगाव मांडायचे. फावड्याच्या दांड्यानं वळणदार नदी, वळणात टेकडी, टेकडीखाली बाजाराचा चौक. गावाचं नाव माझ्या जिभेला कधी पेललं नाही, म्हणून आम्ही त्यांनाच नदीवाले म्हणायचो.

माझी बायको रेजिना ग्रोसरीच्या पिशव्या हातात घेऊन तिथंच थांबायची. ते गाव आधी ऑस्ट्रियाचं, मग रशियाचं, पुढे जर्मनांनी बळकावलेलं. "झेंडे बदलले, नदीनं मालक कधी विचारला नाही," हे आजोबांचं ठरलेलं वाक्य. चौकाची एक बाजू मात्र ते मोकळीच ठेवत. तिथं ज्यूंची घरं होती. युद्धात ती माणसं नेली, ती परतली नाहीत. "तिथं घर बांधणारा मी कोण?" असं म्हणून ते पुन्हा बर्फ उपसायला लागायचे.

खरं सांगतो, मी जळायचो. मलाही गाव आहे की वसईला! केळीच्या बागा, बागेतलं बावखल, म्हणजे आमचं गोड्या पाण्याचं तळं, आणि पलीकडे किल्ला. पोर्तुगीज, मराठे, इंग्रज, आमच्याकडेही काही कमी झेंडे बदलले नाहीत. पण मी गावाचं काढलं की रेजिना भाजी चिरत नुसतं "हं, हं" करायची.

"त्यांची नदी कुठं वळते ते तुला पाठ. आणि आपलं बावखल?" मी एकदा चिडून विचारलं.

"फ्रान्सिस, चिल कर. लोनली आहेत ते," ती म्हणाली. आजोबांनी पाठवलेला खसखशीचा केक त्या दिवशी मी हट्टानं खाल्ला नाही. वासानं मात्र जीव कासावीस झाला.

या विंटरमध्ये आजोबा गेले. फ्युनरलनंतर चर्चच्या बेसमेंटमध्ये कॉफी चालली होती, तेव्हा त्यांची मुलगी माझ्याजवळ आली.

"तुम्हीच ना लहानपणी त्या बावखलमध्ये पडलेले? तुमच्या वडिलांनी रहाटाच्या दोरीनं ओढून काढलेले?"

मी चाट पडलो.

"बाबांना त्यांच्या गावाबद्दल विचारलं की ते विषय बदलायचे. फोनवर सदा तुमचंच गाव. रेजिनानं हे सांगितलं, रेजिनानं ते सांगितलं. तुमच्या गावाचा मला फार राग यायचा."

पलीकडे रेजिना म्हाताऱ्यांना कॉफी ओतून देत होती. म्हणजे भाजी चिरताना ती सगळं ऐकत होती. आनंद झाला, नाही असं नाही. पण मी पुन्हा जळलोच. रेजिनाच्या तोंडून माझं गाव त्यांनी ऐकलं. मी अजून ऐकलेलं नाही.