सहा व्होल्ट आणि एक रविवार

विषय : खेळण्यातील मोटारीचा वेग व तिला सोसेल इतके व्होल्टेज.

संदर्भ : श्री. सबनीस, टूलरूम इन्स्पेक्शन, यांचा साप्ताहिक सुट्टी गुरुवारऐवजी रविवारी मिळण्याबाबतचा अर्ज.

विषयाचा संदर्भाशी काय संबंध, असं कुणीही विचारील. मी पिंपरीच्या एका कारखान्यात आस्थापना विभागाचा हेडक्लार्क होतो. एकमेकांशी संबंध नसलेले कागद एका टाचणीत अडकवून पुढे सरकवण्यात माझी नोकरी गेली. त्या दिवसांतले किस्से फाइलींसारखेच साचलेत. वरची एक ओढावी, तर खालच्या चार पायावर पडतात!

*

आधी गुरुवारचं सांगतो. विजेचा भार वाटून जावा म्हणून आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असे. बाकी जगाला रविवारी. त्यामुळे आम्ही सुट्टीच्या दिवशी पुण्यात कुणाकडे गेलो, तर दाराला कुलूप! लग्न, मुंज, बारसं, सगळं रविवारी. हळूहळू लोक आम्हाला बोलवायचेच थांबले. गुरुवारच्या माणसांना नातेवाईक उरत नाहीत.

आम्ही तिघे त्यामुळेच गुरुवारी माझ्या खोलीवर जमू लागलो. मी, सबनीस आणि तिसरे इब्राहीमभाई, चिंचवड स्टेशनजवळ कारखान्यांतल्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करून, म्हणजे त्यांची तांब्याची तार नव्याने गुंडाळून देणारे. कारखाने बंद, म्हणून त्यांचं दुकानही गुरुवारी थंड. इब्राहीमभाईंची बायको वारली होती, मी लग्नच केलं नव्हतं, आणि सबनीसांचं लग्न होऊनही उपयोग नव्हता. वहिनी सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात शाळामास्तरीण. घरी अंथरुणाला खिळलेली सासू. सबनीस गुरुवारी गावी पोचायचे तेव्हा वहिनी वर्गात; शाळा सुटायच्या आत परतीची एस.टी. वहिनी शेजारणीला सांगून एखाद्या रविवारी इकडे यायच्या तेव्हा सबनीस ड्यूटीवर, आणि सासूसाठी संध्याकाळच्या आत परतणं भाग. त्यांची सगळी रजा आईच्या आजारपणात संपलेली.

"सबनीस, तुम्ही शेवटचं निवांत कधी बोललात वहिनींशी?" मी एकदा विचारलं.

"साखरपुड्यात," सबनीस म्हणाले. "तेव्हाही मामा मध्ये बसले होते."

*

इब्राहीमभाईंच्या मेहुण्याने दुबईहून रेडिओवर चालणारी मोटारगाडी आणली. लाल, वीतभर लांब. गाडीला तार नाही; हातात एक डबा, त्याला काठीएवढी एरियल. डब्यावरचा खटका पुढे केला की गाडी पुढे! गाडीच्या पोटात दीड-दीड व्होल्टचे चार सेल, म्हणजे सहा व्होल्ट. खोक्यावर तेवढंच वाचता येत होतं, बाकी जपानी.

सबनीस हिशेबी माणूस. "सहावर इतकी पळते, तर बारावर दुप्पट पळेल."

इब्राहीमभाईंनी स्कूटरची बारा व्होल्टची बॅटरी आणली आणि लांब तारेने गाडीला जोडली. गाडी अशी सुटली की ती आम्हाला दिसली नाही, वास आला. टेबलाखालून धूर.

"पळाली की नाही दुप्पट?" सबनीस म्हणाले.

"पळाली ना राव," इब्राहीमभाई खोकत म्हणाले. "पण पोचली कुठं?"

*

गाडीतली जळालेली मोटार इब्राहीमभाईंनीच पुन्हा भरली. पहिल्यांदा वेढे कमी घातले आणि तार जाड. गाडी वाऱ्यासारखी पळाली, पण सेल चहासारखे प्यायली. घटकाभरात चारही थंड. दुसऱ्यांदा वेढे वाढवले. सेल टिकले, पण गाडी अशी चालू लागली, की मी म्हणालो, "हिला आमच्या विभागात घ्यायला हरकत नाही."

वेग हवा तर सेल लवकर मरणार, सेल जगवायचे तर वेग सोडायचा, एवढं कळायला आमचे कितीतरी गुरुवार गेले. गुरुवारांचा तुटवडा नव्हता.

मग मेहुण्याने चार्ज होणारे सेल पाठवले. सबनीसांनी मीटर लावला. दीड हवेत, सव्वाही भरेनात! इन्स्पेक्शनचा हात, त्यांनी चारही सेलांवर लाल रंगाचा ठिपका दिला. रिजेक्ट!

"अहो साहेब," इब्राहीमभाई कळवळले, "ही जातच तेवढ्या व्होल्टची आहे. पाच लावा, सहा होतात."

सबनीसांनी एक सेल उचलून डोळ्यांजवळ धरला. "म्हणजे दोष सेलात नव्हता," ते म्हणाले, "आपण मागतच जास्त होतो." आणि रॉकेलच्या बोळ्याने एकेक ठिपका पुसू लागले.

*

मोटार दुसऱ्यांदा जाळण्याचं श्रेय माझं. कंट्रोलचा डबा माझ्या हातात होता, गाडीचं नाक कपाटाला टेकलेलं, आणि मी खटका पुढे दाबून धरलेला. म्हटलं, चिकाटीने कधी ना कधी कपाट हलेल. नोकरीत माझा अनुभव तसाच होता.

"सोडा, सोडा!" इब्राहीमभाई ओरडले. गाडी उचलली तर हात पोळला. "भाऊसाहेब, पळती मोटार एवढी जळत नाही. अडवून धरलेली जळते. फिरायला मिळत नाही आणि करंट तर येतच राहतो."

सबनीस आदल्याच गुरुवारी गावी जाऊन, शाळेच्या खिडकीतून वहिनींना नुसतं बघून परत आले होते. ते चहा टाकायला उठले.

*

अर्ज त्यांनी त्यानंतर केला. मी शिफारस लिहून मॅनेजरसाहेबांकडे पाठवला. कागद परत आला : "कारण स्पष्ट करावे."

सबनीसांनी लिहिलं, "पत्नी."

कागद पुन्हा परत आला : "पत्नी हे कारण आहे की अडचण?"

मी स्वतः आत गेलो. साहेब म्हणाले, "एकाला रविवार दिला तर उद्या सगळे मागतील. मग आपण गुरुवारी काय करायचं?" तेवीस वर्षांत मला त्याचं उत्तर सापडलं नव्हतं. मी बाहेर आलो.

*

त्या वर्षी संपाची कुणकुण होती. शिफ्टमध्ये कामगाराने आतली साखळी ओलांडायची नाही, बाहेरच्याने मोठं गेट ओलांडायचं नाही, अशी ऑर्डर. मध्ये चढाचं अंगण. हाक ऐकू येईल, बोलता येणार नाही एवढं अंतर.

अशातच एका रविवारी वहिनी आल्या. जेवणाच्या सुट्टीत सबनीस साखळीपाशी गेले ते इब्राहीमभाईंनी पुन्हा दुरुस्त केलेली गाडी घेऊन. मागून मी. गेटबाहेर वहिनींशेजारी इब्राहीमभाई. वॉचमन चिखलीचा नाना.

"नाना, गाडी जाऊ दे."

"मानसानं जायचं न्हाई आशी आर्डर हाय," नाना म्हणाला. "गाडीचं काय लिवल्यालं न्हाई. पर पास लागंल."

मी तिथेच पास फाडला : लाल मोटार, नग एक, परत येणार.

गाडी निघाली. अर्ध्या चढावर अडली. चाकं थांबली. सबनीसांचा अंगठा खटक्यावर तसाच.

"सोडा!" गेटबाहेरून इब्राहीमभाई.

सबनीसांनी सोडला. गाडी मागे घरंगळत आली. त्यांनी ती तिरपी घेतली, आडव्या वाटेने चढवली, आणि ती वहिनींच्या चपलेला जाऊन टेकली.

वहिनींनी ती उचलून दोन्ही हातांत धरली. "अहो, केवढी तापलीय ही!" त्या ओरडल्या. त्या दिवशीचं त्यांचं संभाषण एवढंच.

भोंगा झाला.

"वैनी, पास परतीचा हाय," नाना म्हणाला.

"यांचा नाही का कुठे परतीचा पास?" वहिनींनी विचारलं. गाडी पदराने पुसली, पिशवीत ठेवली आणि एस.टी.साठी चालू लागल्या. नानाने त्यांना अडवलं नाही.

पुढच्या गुरुवारी सबनीस नेहमीसारखे आले. हातात नुसता कंट्रोलचा डबा. खिडकीशी बसले, एरियल पूर्ण बाहेर काढली, आणि खटका पुढे केला.

"आता शाळेची मधली सुट्टी झाली असेल," ते म्हणाले.

मी इब्राहीमभाईंकडे पाहिलं. इब्राहीमभाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"दाबून नका धरू, साहेब," ते म्हणाले. "तिकडे काही आडवं असलं, तर जळेल."

सबनीसांनी अंगठा उचलला. जरा थांबून पुन्हा हळूच टेकवला.

मी निवृत्त झालो त्या दिवशी गेटच्या रजिस्टरात लाल मोटार, नग एक, येणे बाकी होती. श्री. सबनीस यांचा अर्ज विचाराधीन होता.