वहिनींची पेन्सिल

माझ्या वहिनींचं आयुष्यभराचं काम मी दुपारी जेवणानंतर बसून चहाच्या आत पुसून टाकलं. काम स्वच्छ झालं, हे मात्र कोणीच नाकारलं नाही.

अण्णा, माझा थोरला भाऊ, संगीतकार. वहिनी व्हायोलिन वाजवतात. मुलुंडच्या आमच्या घरात गाणं असं तयार व्हायचं: अण्णा शाईने स्वर लिहायचा, वहिनी वाजवून बघायच्या आणि शेजारी पेन्सिलीने त्याला फैलावर घ्यायच्या. ‘इथे गज उलटा ओढावा लागतो. मला हात दोनच आहेत रे!’ किंवा ‘हा सूर काढ, गाणं बसलंय, उठू दे.’ (चारचौघांत त्या नवऱ्याला ‘अहो’ म्हणत. कागदावर ‘अरे’!)

यंदा एका संगीतसंस्थेने ही पानं जतन करायला मागितली. अण्णा म्हणाला, “दिनू, धूळबिळ झटक जरा.”

मी अंधेरीच्या कारखान्यात जन्मभर ड्राफ्ट्समन. आमचा नियम एकच: आधी पेन्सिल, तिच्यावर शाई, शाई वाळली की पेन्सिल पुसायची. पानांवर शाई होती, पेन्सिल होती, आणि माझे हात शिवशिवत होते! (काय लिहिलंय ते वाचायचं असतं, हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं.)

संस्थेच्या बाई आल्या. पानं चाळली. पुन्हा चाळली.

“पेन्सिलीच्या खुणा कुठे आहेत?”

“पुसल्या!” मी अभिमानाने म्हणालो.

“अहो काका, त्यांच्यासाठीच तर आलेय! गाणं कसं बदलत गेलं, ते त्यांच्यातच होतं ना!”

वाट लागली.

“गाढवा!” अण्णा ओरडला. “आता लोक म्हणतील, सगळं मी एकट्यानेच केलं!”

“मग तुला बरंच की,” मी म्हणालो. (कोणीही हसलं नाही.)

वहिनी उठल्या. आत जाऊन व्हायोलिन आणलं आणि सुरात लावत बसल्या. ते आधीच सुरात होतं!

मग अण्णाने खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि एक पान उचललं. “इथे तू लिहिलं होतंस, ‘हा काय गोंधळ?’ आणि इथे, ‘कालच्यापेक्षा बरं.’ त्याच्याखाली दोन रेघा.”

वहिनींनी गज खाली ठेवला. “हे सगळं पाठ आहे तुला? मग तेव्हा नुसतं ‘हं, हं’ करून उठून का जायचास?”

“दुरुस्ती करायला जायचो.”

वहिनींनी पेन्सिल मागितली. अण्णा सांगू लागला, त्या लिहू लागल्या, आणि भांडण मार्गी लागलं.

“हे मी लिहिलं नव्हतं!”

“लिहिलं होतंस.”

“इतकं वाईट?”

“याहून वाईट. मी सौम्य करून सांगतोय.”

पानं पुन्हा भरली. संस्थेचा समारंभ झाला. अध्यक्षांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी मला स्टेजवर बोलावलं आणि ‘हा ठेवा डोळ्यांत तेल घालून जपल्याबद्दल’ माझ्या खांद्यांवर शाल घातली. टाळ्या पडल्या. मी नमस्कार केला आणि तोंड बंद ठेवलं. तेव्हापासून ती शाल टोचते आहे, म्हणून हे लिहून टाकतो: जपलं ते अण्णाने, तेही डोक्यात.

घरी येऊन शाल वहिनींपुढे ठेवली. “ही तुमची.”

“राहू द्या, भाऊजी,” वहिनी म्हणाल्या. “फक्त तिने काही पुसू नका.”