मेनूथचा विहीरवाला

पाण्याची इतकी काळजी वाहणारा आणि पावसाबद्दल इतका आकस बाळगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आयर्लंडमधल्या मेनूथ गावी आम्ही एकाच घरात राहायचो. मी नोकरीला, तो विद्यापीठात संशोधनाला. विषय, उष्ण समुद्रातल्या चिमुकल्या बेटांचं भूजल. इथल्या थंडीत बसून हे कुणाला सुचतं, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. त्याने ग्लासात मिठाचं पाणी घेतलं, त्यावर चमच्याने हळदीने रंगवलेलं गोडं पाणी अलगद सोडलं आणि बेटाखाली पावसाचं पाणी असंच खाऱ्यावर तरंगतं, जास्त उपसलं की खालचं खारं वर येतं, हे माझा चहा निवेपर्यंत समजावलं. मी भांडी घासत असलो की येता-जाता नळ बंद करी. बाहेर पाऊस लागला की खिडकीशी उभा राहून म्हणे, "ज्यांना नको, त्यांच्यावरच पडतोय." शेजारच्या आयरिश आजीबाई काळजीने विचारत, तुझा तो माणूस बरा आहे ना? मी त्यांच्याच भाषेत 'ग्रँड', म्हणजे मजेत, म्हणून वेळ मारून नेई.

२०२०मध्ये प्रवास बंद झाले आणि ज्या बेटाचा तो अभ्यास करत होता, तिथे त्याचं जाणं राहिलं. मग बेटावरच्या शाळेतल्या एक मॅडम दर आठवड्याला विहिरीत मीटर सोडून क्षारांचे आकडे फोनवर कळवू लागल्या. हा त्यांच्याशी इतक्या अदबीने बोले, की मला लग्नाची बोलणी चालल्यासारखी वाटत. काही महिन्यांनी मॅडम म्हणाल्या, पाणी मचूळ लागतंय. त्या विहिरीवरचा गावाचा पंप तसाच चालू राहिला, तर विहीर नेमकी कशी खारी होते याची अखंड नोंद त्याला मिळणार होती आणि प्रबंध तिच्यावरच उभा होता. त्याच्या सरांनी सांगितलं, पंप गावाचा आहे, तू फक्त आकडे लिही. त्या दुपारी कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या आणि हा समोर नुसता बसून होता. मग त्याने फोन लावला. पंप थांबवा, चार विहिरींतून बादलीने थोडं थोडं काढा, असं सांगितलं. तुमच्या अभ्यासाचं काय, असं मॅडमनी विचारलं असावं.

"तो मी पुन्हा करीन," तो म्हणाला. "विहीर पुन्हा करता येत नाही."

प्रबंध वर्षभर लांबला. २०२१ सरता सरता तो एकदाचा बेटावर गेला. पोचल्यावर त्याचा फोन आला, तेव्हा मी विहिरीचं विचारलं. तो म्हणाला, मॅडमनी दारातच पाय धुवायला तांब्याभर पाणी पुढे केलं, त्याने बोट बुडवून चाखलं, आणि ते गोडं होतं. इतकं गोडं पाणी पायांवर घालू नका, असं त्याच्या तोंडाशी आलं होतं. पण त्याने पाय पुढे केले. ओल्या पायांनी तो बराच वेळ उंबऱ्यावरच उभा राहिला म्हणे.