कापसाच्या कोठीतली लाल मोटारसायकल

वर्धा जिल्ह्यातल्या माझ्या पोलिसातल्या नोकरीतली ही घटना मनातून गेलेली नाही. बोरगाव मेघेतील एका कापड व्यापाऱ्याने इटालियन स्पोर्ट्स मोटारसायकल चोरीला गेल्याची फिर्याद दिली. गाडी त्यांच्या मुलाची. मुलगा आजारात गेला होता. व्यापाऱ्याने ती विकायचे ठरवले, आणि नागपूरचे गिऱ्हाईक येण्याआधीच ती घरातून नाहीशी झाली.

कुलूप शाबूत होते. या गाडीच्या किल्लीत चिप असते. मूळ किल्लीशिवाय इंजिन सुरू होत नाही. दोनपैकी एक किल्ली सापडत नव्हती. म्हणजे घरातलेच कोणीतरी.

काही दिवसांनी वडनेरच्या पोलीस पाटलांचा फोन आला. एका शेतकऱ्याच्या कापसाच्या कोठीतून धूर निघाला होता. लोकांनी आग विझवली, तर आत लाल मोटारसायकल. या गाडीचे सायलेन्सर सीटखाली असतात आणि भयंकर तापतात. शेतातल्या डिझेल पंपावर टाकतात तसे त्या दिवशी शेतकऱ्याने गाडी बंद करून लगेच पोते टाकले. ते पेटले, गाडी वाचली.

शेतकरी फिर्यादीच्या पत्नीचा थोरला भाऊ निघाला. पंचनामा करून गाडी किल्लीसह ठाण्याच्या आवारात आणली. ओळख पटवायला व्यापारी आले. मेहुण्याला पाहून ते खुर्चीत बसूनच राहिले. हवालदाराने मेहुण्याला विचारले, "मामा, फिरवून तं पाह्यली असंन?"

"मले बसताच येत नाई तिच्यावर, टेम्पोत टाकून आनली. हॅण्डल इतकं खाली, जसं काई कोनाच्या पाया पडून राह्यलो."

तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. बहिणीचा फोन होता. मी स्पीकर लावायला सांगितले.

"दादा, आज काऊन उशीर केला? चालू कर ना गाडी."

त्याने मान खाली घातली. "रोज संध्याकाळी फोनवर आयकते, साहेब. त्या क्लचची खडखड वळणावर आली का तिले समजे, पोरगा आला. मंग ती तवा ठेवे. गाडी इकली असती तं..."

व्यापाऱ्यांनी फोन हातात घेतला. "मी बोलून राह्यलो. मले काऊन नाई सांगितलं?"

"तुमी त्या गाडीकडे पाहत बी नव्हते. कसं सांगू?"

ते उठून आवारात गेले. मी किल्ली दिली. त्यांनी इंजिन सुरू केले आणि फोन क्लचजवळ धरला. बऱ्याच वेळाने फोनमधून आवाज आला, "बस झालं आता. घरी या तुमी."

गैरसमजातून दिलेली फिर्याद म्हणून आम्ही न्यायालयात 'क' समरी, म्हणजे तपास बंद करण्याची शिफारस, पाठवली. गाडी विकली गेली नाही. तेव्हापासून चोरीच्या तपासात मी फिर्यादीच्या घरच्यांना एक प्रश्न वेगळा विचारत आलो आहे: ही वस्तू गेल्याने तुम्हाला काय कमी पडते? पुष्कळदा त्या प्रश्नाने चोर सापडला नाही. पण घरातली माणसे एकमेकांकडे पाहून बोलू लागली.